जांभळी कड

वर्तकनगरच्या आमच्या गच्चीवर,
पाण्याच्या दोन टाक्यांमध्ये जिथे घोडबंदरचे दिवे थोडे अडतात,
दर शनिवारी तोच वाद.

हरेश्वर भोईर म्हणायचा, आहे की.
शुक्राला झालर आहे, जांभळी,
शाई सांडून घाईने पुसल्यासारखी.
विदुला सबनीस म्हणायची, बारीक आहे. पण आहे.
आणि परकारचाचा, ज्यांनी ते भिंग घासलं,
डोळा न काढता म्हणायचे,
नाय. स्वच्छ पांढरा.

चार इंची भिंग, पाच फुटांची नळी.
नळी म्हणजे ॲल्युमिनियमचा पाइप,
आतून शाळेच्या फळ्याचा काळा रंग.
काचा दोन, एकीच्या पोटात दुसरीची पाठ:
क्राऊन आणि फ्लिंट.
फ्लिंट वागळे इस्टेटच्या एका बंद कंपनीच्या लिलावातली,
किलोवर घेतलेली.
एक काच रंग फाकवते, दुसरी गोळा करते,
नवराबायकोचं असतं तसं, चाचा सांगायचे.
थोडं उरतंच पण, विदुला म्हणायची.
ती एकटी राहते,
त्यामुळे यावर कुणी हसायचं नाही.

काचांच्या कडेवर शिसपेन्सिलीने एक बाण,
अर्धा हिच्यावर, अर्धा तिच्यावर.
बाण जुळला की काचा जुळल्या.
बाजूला आकडा, १७.
आधीच्या सोळांचं काय झालं ते चाचा सांगत नाहीत.

दुकान जांभळी नाक्याला. पुढे चष्मे,
मागे पडद्याआड राळेची ताटली, सेरियमचा गुलाबी चिखल.
तो त्यांच्या नखांत कायमचा.
भोईर चिडवायचा, जांभळी नाक्याला बसता
आणि तुम्हालाच जांभळा दिसत नाही?
चाचा हसत नसत.
ते फोकस ढिला करून स्वाती दाखवत,
आतल्या बाजूची वर्तुळं, मग बाहेरच्या बाजूची,
दोन्ही सारखी, पाण्यात खडा टाकल्यागत.
तिथे मात्र भोईरही गप्प बसे.

मग भोईरने नवी घेतली, तीन काचांची, परदेशी,
अठरा हप्त्यांवर.
तिच्यात शुक्र कात्रीने कापल्यासारखा, झालर नाही.
आम्ही एकेक करून पाहिला, काय बोलावं कळेना.
चाचांनीही पाहिला. मग आपल्या नळीतून पाहिला.
म्हणाले, दोन्ही सारख्याच. तुझी महाग आहे.

फाल्गुनात त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला,
नौपाड्यात, अर्ध्या तासात.
काढलेलं भिंग त्यांनी डॉक्टरांकडे मागितलं होतं.
त्याचा चुरा होतो हो, डॉक्टर म्हणाले.

चौथ्या शनिवारी ते जिना चढून आले,
काळा चष्मा खिशात ठेवला,
उजवा डोळा लावला.
मग डावा.
परत उजवा.
खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं ते रडकं गाणं
संपेपर्यंत कुणी बोललं नाही.

कधीपासून आहे हे?

आज हवाच खराब आहे चाचा, भोईर म्हणाला.
भोईर. जो पाच वर्षं एकही वाद सोडत नव्हता.
विदुला म्हणाली, पहिल्यापासून.

ते टाकीला टेकले.
चहाच्या रंगाच्या काचेतून बघत होतो मी, म्हणाले,
आणि त्यालाच पांढरं म्हणत होतो.
गिऱ्हाइकांना पण. इतकी वर्षं.
मग हात पुढे केला, स्क्रू ड्रायव्हर दे.
घरी नेतो. वक्रता बदलून बघतो.

स्क्रू ड्रायव्हर भोईरच्या मागच्या खिशात होता,
मला दिसत होता.
सापडत नाही, तो म्हणाला.
विदुलाने टॉर्च लावून गच्चीभर शोधल्यासारखं केलं.
दोन काचांत एवढंच होतं चाचा,
तुम्हीच शिकवलंय आम्हाला, मी म्हणालो.
त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

परत वाकले. उजवाच डोळा.
शुक्र येऊरच्या डोंगराआड जाईपर्यंत
त्यांनी कुणाला नंबर दिला नाही.
मध्येच एकदा, आमच्याशी नाही,
नळीशीच बोलल्यासारखे म्हणाले,
रंग बाकी सुंदर आहे.